तीन पाळ्यांत चालणारा इंकजेट प्रिंटर आणि पहाटेचा गटर फॉल्ट

कुपवाडकर (प्रश्न)

नमस्कार. कुपवाड औद्योगिक वसाहतीत हळद दळून पॅक करणाऱ्या एका कारखान्यात मी देखभालीचे काम पाहतो. तारीख, बॅच क्रमांक आणि किंमत छापण्यासाठी आमच्याकडे दोन सीआयजे, म्हणजे सतत शाईची धार सोडणारे, इंकजेट प्रिंटर आहेत. एक पाऊचच्या लाईनवर आणि दुसरा प्लास्टिकच्या बरण्यांच्या लाईनवर. दोन्ही एकाच बनावटीचे असून चार वर्षांपूर्वी एकदमच घेतलेले आहेत. फेब्रुवारीपर्यंत कारखाना एकाच पाळीत चालत होता आणि तोवर या प्रिंटरांनी आम्हाला फारसा त्रास दिला नाही. वर्षातून एकदा, सप्टेंबरात, सर्व्हिस इंजिनिअर येत आणि फिल्टर बदलून जात. बाकी आमचा माणूस सकाळी हेड, म्हणजे जिथून शाईची धार सुटते तो छपाईचा भाग, धुऊन मशीन चालू करी आणि संध्याकाळी बंद करी.

नव्या हळदीची आवक वाढल्यावर फेब्रुवारीच्या मध्यापासून आम्ही तीन पाळ्या सुरू केल्या, साप्ताहिक सुट्टीही बंद झाली, आणि आता मे महिना अर्धा संपत आला असताना स्थिती अशी आहे की पाऊचच्या लाईनवरचा प्रिंटर आठवड्यातून चार-पाच वेळा 'गटर फॉल्ट' (न वापरलेली शाई परत घेणाऱ्या तोंडात, म्हणजे गटरमध्ये, धार नीट पडत नसल्याची सूचना) दाखवून थांबतो किंवा त्याचा ईएचटी, म्हणजे थेंब वळवणारा उच्च दाबाचा वीजपुरवठा, ट्रिप होतो. विशेष म्हणजे यातील बहुतेक वेळा पहाटे साडेतीन ते पाच या दरम्यानच्या आहेत. बरण्यांच्या लाईनवरचा प्रिंटर इतका थांबत नाही, पण मेकअपचा, म्हणजे शाई पातळ ठेवणाऱ्या द्रवाचा, खप दोन्हीकडे वाढला आहे. चालण्याचे तास तिप्पट झाले, तेव्हा खपही तिप्पट होणे मी समजू शकतो. प्रत्यक्षात तो जवळजवळ चौपट आहे.

सर्व्हिस इंजिनिअर पुण्याहून येतात, म्हणजे फोन केल्यापासून एक दिवस तरी जातोच. ते आले की हेड धुतात, जेट, म्हणजे शाईची धार, सरळ करतात, मशीन चालते आणि चार दिवसांनी पुन्हा तेच होते. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की रात्रपाळीचा ऑपरेटर झोपतो आणि हेड साफ करत नाही. माझे मन ते मानायला तयार नाही, पण माझ्याकडे दुसरे उत्तरही नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. चोवीस तास चालणाऱ्या लाईनवर जेट सतत चालू ठेवावा की प्रत्येक पाळीला बंद करून हेड धुवावे? फिल्टर आणि इतर भाग किती दिवसांनी बदलावेत? आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरकडून नेमके काय करून घ्यावे, म्हणजे जे पुण्याच्या माणसावाचून अडणार नाही?

कोयनाकाठ

नमस्कार. मी कराडजवळच्या एका दूध प्रक्रिया प्रकल्पात अठरा वर्षे आहे. आमच्याकडे दिवाळीलाही लाईन बंद होत नाही, त्यामुळे हा प्रश्न आमच्या जुन्या ओळखीचा आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते गोम तिथेच आहे. आपण 'किती दिवसांनी' असे विचारले आहे. प्रिंटरला दिवस कळत नाहीत, त्याला तास कळतात. एका पाळीत, महिन्याला २६ दिवस धरले, तर मशीन २०८ तास चालते, म्हणजे वर्षाला सुमारे २,५०० तास. तीन पाळ्या आणि सुट्टी नाही, असे असेल तर तेवढेच तास १०४ दिवसांत भरतात. पूर्ण वर्ष न थांबता चालणाऱ्या मशीनचे ८,७६० तास होतात. याचा अर्थ आपल्या कागदावर जी 'वार्षिक' सर्व्हिस आहे ती आता साडेतीन महिन्यांची झाली आहे, आणि आपला सप्टेंबर पुढच्या सप्टेंबरपर्यंत थांबणार नाही. आपण फेब्रुवारीपर्यंतचे पाच महिने एक पाळी आणि नंतरचे तीन महिने तीन पाळ्या चालवल्या असतील, तर माझ्या हिशेबाने आपल्या फिल्टरवर ३,००० तासांहून अधिक चाल झाली आहे. मशीनच्या पडद्यावर तासांचा मीटर असतो; तो वाचून खात्री करावी. आपल्या बनावटीच्या पुस्तिकेत फिल्टर किती तासांनी बदलायचा ते लिहिलेले असते, आणि जिथे 'इतके तास किंवा इतके महिने, जे आधी होईल ते' असे लिहिलेले असते तिथे एका पाळीचा कारखाना महिने पाहतो आणि आपल्यासारख्याने तास पाहायचे असतात. देखभाल करार करतानाही भेटी महिन्यांवर न ठेवता तासांवर ठेवण्याचा आग्रह धरावा. आम्हाला हे शहाणपण दोन पंप जाळल्यावर आले.

आता पहिला प्रश्न. चहाच्या सुट्टीत, रोल बदलताना किंवा बॅच बदलताना जेट बंद करू नये. या प्रिंटरमध्ये जे थेंब छपाईला लागत नाहीत ते गटरमधून परत टाकीत जातात, त्यामुळे शाई वाया जाते असे नाही. याउलट, प्रत्येक वेळी जेट बंद करताना आणि सुरू करताना मशीन नोझल धुण्यासाठी मेकअप वापरते आणि तो मेकअप शाईतच मिसळतो. दिवसातून सात-आठ वेळा असे केले की शाई पातळ होते. मशीनला शाई घट्ट झाली तर मेकअप घालता येतो, पण पातळ झालेल्या शाईतून तो काढता येत नाही. तो उडून जाईपर्यंत वाट पाहावी लागते. आपला चौपट खप मला तरी या सवयीशी जोडलेला वाटतो. शिवाय मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तापमान चाळिशीच्या पुढे जाते. गटर शाईबरोबर हवाही ओढून घेते आणि ती हवा टाकीतून बाहेर पडताना मेकअपची वाफ घेऊन जाते, म्हणून एकही अक्षर न छापता नुसता जेट चालू असला तरी मेकअप संपत राहतो, आणि उन्हाळ्यात अधिक संपतो.

आम्ही चोवीस तासांत एकदा, सकाळी सातच्या पाळीबदलाला, जेट पुस्तिकेप्रमाणे पूर्ण चक्र करून बंद करतो, हेड धुतो, वाळवतो आणि सुरू करतो. त्या वेळी जाणारा आणि येणारा असे दोन्ही ऑपरेटर हजर असतात, हा त्यातला खरा फायदा. लाईन काही तास उभी राहणार असेल तरच त्याव्यतिरिक्त बंद करतो.

एक गोष्ट मात्र ताबडतोब करा. प्रिंटरला छोटा युपीएस लावा. या मशीनला शंभर-दीडशे वॅटच्या आसपास वीज लागते, फार मोठा खर्च नाही. सध्या वळवाचे दिवस आहेत, संध्याकाळी वारा सुटला की लाईट जाते. अचानक वीज गेली तर नोझल धुण्याचे चक्र होत नाही, शाई नोझलमध्येच वाळते, आणि पुढच्या वेळी धार वाकडी निघून गटरच्या तोंडाबाहेर पडते. गटर फॉल्टचे ते एक हमखास कारण आहे.

ऑपरेटरला दोष देण्याआधी प्रत्येक पाळीत चार आकडे वहीत लिहून घ्यायला सुरुवात करा: शाईचा दाब, व्हिस्कॉसिटी (शाईचा घट्टपणा), शाईचे तापमान आणि तासांचा मीटर. पंपाचा वेग दिसत असेल तर तोही. दाब तोच ठेवण्यासाठी पंपाला दर आठवड्याला थोडे अधिक पळावे लागत असेल, तर फिल्टर भरत चालला आहे हे मशीन थांबण्याच्या दहा दिवस आधी कळते. आणि फॉल्ट येईल तेव्हा घड्याळाची वेळ आणि त्या क्षणी आसपास काय चालले होते ते लिहा.

जुना सर्व्हिसवाला, मिरज

वरील सर्व मान्य आहे, परंतु हळदीच्या कारखान्याचे दुखणे दुधाच्या प्रकल्पापेक्षा वेगळे असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी चौदा वर्षे याच प्रिंटरांची सर्व्हिस केली, आता स्वतःचे लहानसे वर्कशॉप आहे.

हेडच्या आत काय घडते हे ऑपरेटरला एकदा हेडचे झाकण काढून दाखवा. शाई सुमारे ६० ते ७० मायक्रॉनच्या छिद्रातून, म्हणजे साधारण माणसाच्या केसाच्या जाडीएवढ्या छिद्रातून, दाबाने बाहेर येते. नोझलमागचा स्फटिक थरथरतो आणि धारेचे सेकंदाला हजारो थेंब होतात. ज्या थेंबांनी अक्षर बनायचे आहे त्यांना चार्ज इलेक्ट्रोड विद्युतभार देतो, पुढच्या दोन पट्ट्यांमध्ये काही हजार व्होल्टचा ईएचटी असतो, तिथे ते थेंब वळतात आणि पाऊचवर जातात. उरलेले सरळ गटरमध्ये पडतात. आता विचार करा, की ज्या पट्ट्यांवर हजारो व्होल्ट आहेत त्या हवेतली धूळ स्वतःकडे ओढून घेणार नाहीत तर काय करतील? हळदीची पूड बारीक असते, किंचित तेलकट असते आणि ओल धरते. तिचा थर पट्टीवर बसला, त्यावर शाईचा एखादा शिंतोडा पडला, की वीज त्या थरातून वाहू लागते आणि ईएचटी ट्रिप होतो. हीच धूळ गटरच्या हवेबरोबर आत ओढली जाते, टाकीत उतरते आणि फिल्टर भरते. म्हणून पुस्तिकेत लिहिलेले तासदेखील हळदीच्या कारखान्यात पूर्ण मिळतील असे धरू नका.

यावर उपाय म्हणजे हेडमध्ये कोरडी, तेलविरहित हवा अगदी मंद दाबाने सोडणे, ज्याला आम्ही पॉझिटिव्ह एअर म्हणतो. आतली हवा सतत बाहेर येत राहिली की बाहेरची धूळ आत शिरत नाही. पण ती हवा कारखान्याच्या साध्या लाईनवरून थेट घेऊ नका. ड्रायर आणि बारीक फिल्टर मध्ये असलाच पाहिजे, नाही तर कॉम्प्रेसरचे पाणी आणि तेल आपणच हेडमध्ये सोडू. पावसाळ्यात याचे महत्त्व दुप्पट होते. शाईत आणि मेकअपमध्ये असणारा द्रावक एमईके, म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन, पाणी धरून ठेवतो. दमट हवा महिनाभर गटरमधून आत जात राहिली तर शाईत पाणी साचते, तिचा पोत बिघडतो, आणि अशा वेळी मेकअप घालून काही उपयोग होत नाही. शाई काढून टाकून मशीन धुवावे लागते. जुलैमध्ये मला सांगली-साताऱ्याकडून येणारे निम्मे फोन याच तक्रारीचे असत.

हेड धुण्याविषयी. मी ज्या कारखान्यांत गेलो त्यांतल्या बहुतेकांत हेड धुतले जात होते, पण चुकीचे. जेट बंद करावा, हेड स्टँडवरून काढून तोंड खाली करून स्टीलच्या भांड्यावर धरावे आणि त्या भांड्याला अर्थिंग केलेले (ते जमिनीला तारेने जोडलेले) असावे. वॉशबाटलीने आधी नोझल, मग चार्ज इलेक्ट्रोडची फट, मग दोन्ही पट्ट्या आणि शेवटी गटरचे तोंड, या क्रमाने वरून खाली धुवावे. वॉश म्हणून आपल्या शाईला सांगितलेलाच द्रव वापरावा. चिंधी किंवा कापूस लावू नये, कारण त्याचा एक धागा चार्ज इलेक्ट्रोडमध्ये अडकला तर पुढची शिफ्ट त्यातच जाते. धागे न सुटणारा टिश्यू मिळतो, तो वापरावा. आणि यानंतरची पायरी सर्वजण गाळतात: हेड पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. लाईन उभी असते, सुपरवायझर डोक्यावर असतो, माणूस ओल्या हेडचे झाकण बसवून जेट चालू करतो आणि ईएचटी पुन्हा ट्रिप होतो. मग तो पुन्हा धुतो. ओल्या हेडवर ईएचटी लावणे हे केवळ बिघाडाचे नव्हे, आगीचेही निमंत्रण आहे. एमईकेचा फ्लॅश पॉइंट शून्य अंशाच्या खाली आहे, म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत त्याची वाफ पेट घेऊ शकते. ती वाफ हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने जमिनीलगत साचते. त्यात आपल्याकडे हवेत तरंगणारी हळदीची पूड आहे, जी स्वतःही पेट घेते. याबाबत मी कुणालाही सूट देत नसे.

हातमोज्यांचेही सांगून ठेवतो. निळे नायट्राइलचे मोजे सर्वत्र दिसतात, पण एमईके ते काही मिनिटांत पार करतो आणि मोज्याच्या आत हात ओला राहतो. त्यासाठी ब्युटाइल रबरचे मोजे लागतात.

नोझल अडकले तर मशीनमध्येच उलट ओढीने नोझल धुण्याची सोय असते. नोझलच्या तोंडावर मेकअपचा थेंब धरायचा आणि मशीन तो आत ओढून घेते. दोन-तीनदा करावे, घाई करू नये. एकदा एका कारखान्यात मी पोचलो तर ऑपरेटर मोठ्या अभिमानाने म्हणाला, "साहेब, मी सुईने साफ केलंय, फक्त तुम्ही धार सरळ करून द्या." ती धार पुढे कधीच सरळ झाली नाही, छिद्राची कडच ओरखडली होती. नोझल बदलावे लागले आणि त्या मुलाच्या पगारातून ते पैसे कापू नयेत म्हणून मला त्यांच्या मालकांशी तासभर बोलावे लागले. त्याला सुई चालत नाही हे कुणी सांगितलेच नव्हते.

कुपवाडकर, आपल्या पहाटेच्या कोड्याबाबत एक विचारतो. साडेतीन ते पाच या वेळात पाऊचच्या लाईनच्या आसपास असे काय होते, जे इतर वेळी होत नाही? दळण विभागातले, कॉम्प्रेसरचे, झाडलोटीचे, काहीही. मशीनला घड्याळ नसते.

गुणवत्ता विभाग, शिरवळ

मी देखभाल विभागातली नाही, पण या यंत्राचे परिणाम माझ्या टेबलावर येतात, म्हणून एक मुद्दा मांडते. आपली सर्व चर्चा प्रिंटर थांबण्याविषयी चालली आहे. मला थांबलेल्या प्रिंटरची भीती वाटत नाही, कारण तो दिसतो. मला भीती वाटते ती चालू असलेल्या पण न छापणाऱ्या प्रिंटरची. सेन्सरच्या काचेवर पूड बसली की प्रिंटरला पाऊच दिसतच नाही. पडद्यावर सर्व हिरवे असते आणि कोऱ्या पाऊचची पेटी भरत राहते.

अन्नपदार्थांवर बॅच क्रमांक, उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि वापराची अंतिम मुदत असणे हे लेबलिंग आणि डिस्प्ले विषयक २०२० च्या नियमांप्रमाणे बंधनकारक आहे, आणि किरकोळ विक्री किंमत २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे. कोरा किंवा अर्धवट छापलेला माल बाजारात गेला तर तो परत बोलवावा लागतो. आमच्याकडे दर अर्ध्या तासाला एक पाऊच लाईनवरून उचलून त्यावरची छापील पट्टी कापतात आणि वहीत चिकटवतात, शेजारी वेळ आणि सही असते. उपाय जुनाट वाटेल, पण रात्री अक्षरांची उंची हळूहळू कमी होत गेलेली किंवा शेवटचा अंक तुटायला लागलेला त्या वहीत सकाळी एका नजरेत दिसतो. तीच वही मी देखभालवाल्यांना दाखवते, आणि त्यांचे माझे भांडण निम्म्याने कमी झाले आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला आणि मध्यरात्री तारीख बदलते तेव्हा मात्र अर्ध्या तासाची वाट न पाहता पहिलाच पाऊच तपासावा.

धुतल्यानंतरचा मेकअप, जुनी शाई, भिजलेले टिश्यू आणि काढलेले फिल्टर हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. तो गटारात ओतू नये आणि भंगारवाल्याला देऊ नये. झाकणाच्या पिंपात वेगळा ठेवून मान्यताप्राप्त सुविधेकडेच पाठवावा.

बेदाणा, तासगाव

आम्ही बेदाणा पॅक करतो. पाऊचच्या लाईनवर इंकजेट हवाच कशाला, असा माझा सरळ प्रश्न आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही पाऊचसाठी रिबनवर छापणारा थर्मल ट्रान्सफर प्रिंटर घेतला. त्यात शाई नाही, मेकअप नाही, एमईकेचा वास नाही आणि अक्षरेही अधिक सुबक येतात. रिबनचा खर्च आहे, पण मेकअपचा हिशेब मांडला तर फार फरक पडला नाही.

जुना सर्व्हिसवाला, मिरज

सपाट फिल्मसाठी आपले म्हणणे योग्य आहे आणि नवी लाईन घेणाऱ्याला मीही तेच सांगेन. परंतु दोन अडचणी आहेत. बरणीच्या गोल अंगावर किंवा तळावर तो प्रिंटर छापू शकत नाही, तिथे इंकजेट लागतोच. आणि हळदीची पूड त्याच्या प्रिंटहेडवरही बसते. रिबन आणि हेडच्या मध्ये कण आला की हेडवर ओरखडा पडतो आणि प्रत्येक पाऊचवर एक पांढरी रेघ कायमची येते. म्हणजे धुळीचा बंदोबस्त दोन्हीकडे करावाच लागतो.

गाळप हंगाम

साखर कारखान्यात आमची गंमत उलटी असते: पोत्यांवर छापणारी मशीन हंगामात चार-पाच महिने रात्रंदिवस चालते आणि मग उरलेले वर्ष झाकून उभी राहते. एवढेच सांगतो की आपल्या तीन पाळ्या संपून पुन्हा एक पाळी सुरू होईल, किंवा एखादा प्रिंटर महिनोन्महिने बंद ठेवायचा ठरेल, तेव्हा शाई आत तशीच ठेवून झाकण लावू नका. सर्व शाई काढून मशीन आतून धुऊन ठेवावे. आम्ही एका वर्षी तसे केले नाही आणि पुढच्या हंगामाच्या तोंडावर नळ्या चाकूने कापून काढाव्या लागल्या.

दुसरे म्हणजे मेकअपचा साठा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला आणि रस्ते बंद झाले तेव्हा ज्यांचा माल पुण्याहून येणार होता ते सर्व अडकले. पावसाळ्याआधी किमान तीन आठवड्यांचा साठा जवळ असावा, पण बाटल्यांवरची मुदत पाहून घ्यावी, आणि तो साठा प्रिंटरशेजारी न ठेवता ज्वालाग्राही पदार्थांच्या वेगळ्या खोलीत ठेवावा.

कुपवाडकर

सर्वांचे मनापासून आभार. लगेच उत्तर लिहिले नाही, कारण आधी करून पाहायचे ठरवले होते. आज साडेतीन आठवडे झाले आहेत.

तासांचा मीटर वाचला. मागच्या सर्व्हिसनंतर पाऊचच्या लाईनवरचा प्रिंटर ३,१८० तास चालला होता. कोयनाकाठ यांचा घरबसल्या मांडलेला हिशेब इतका जवळ आला याचे मला नवल वाटले. फिल्टर काढला तेव्हा इंजिनिअरने तो कापून दाखवला. शाई काळी असूनही घड्यांच्या तळाशी पिवळसर गाळ दिसत होता.

मिरजेच्या साहेबांचा प्रश्न मात्र मी मनात घेऊन तीन रात्री कारखान्यात थांबलो. पहिल्या दोन रात्री काहीच झाले नाही. तिसऱ्या रात्री तीन वाजून चाळीस मिनिटांनी दळण विभागातील माणसाने धूळ ओढणाऱ्या यंत्राचा पंखा बंद केला आणि त्याच्या पिशव्या झटकायला सुरुवात केली. सहा पिशव्या आहेत, पंचवीस मिनिटे लागतात. आमच्या पाऊचच्या लाईनची ओढही त्याच पंख्यावर आहे, हे मला ठाऊक असायला हवे होते. लाईन मात्र चालूच होती. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर फिलरच्या तोंडापासून प्रिंटरच्या हेडपर्यंत पिवळे धुके तरंगत होते. चार वाजून दहा मिनिटांनी ईएचटी ट्रिप झाला. ऑपरेटर झोपलेला नव्हता. त्याने धावत येऊन हेड धुतले आणि एका मिनिटात ओल्या हेडवरच जेट चालू केला, तो पुन्हा ट्रिप झाला. मी शेजारीच उभा होतो. त्याला तसेच करायला आमच्याच सुपरवायझरने शिकवले होते.

विशेष म्हणजे दिवसा चालणाऱ्या एका पाळीच्या काळात पिशव्या संध्याकाळी, लाईन बंद झाल्यावर झटकत असत. तीन पाळ्या झाल्यावर कुणीतरी ते काम रात्रपाळीवर टाकले आणि त्याची नोंद माझ्या विभागाकडे आलीच नाही.

आता पिशव्या सकाळी सातच्या पाळीबदलाला झटकतात. त्या अर्ध्या तासात लाईन उभी असते, प्रिंटरचा जेट नियमाने बंद असतो, हेड झाकून ठेवलेले असते, आणि धूळ बसल्यावर ते धुऊन, दहा मिनिटे वाळवून सुरू करतात. सुरुवातीला उत्पादन विभागाने या अर्ध्या तासाला हरकत घेतली. मी त्यांना मे महिन्यातील रात्रीच्या थांब्यांची बेरीज दाखवली, तेव्हा ते गप्प बसले. पॉझिटिव्ह एअर जोडली आहे, तिला स्वतंत्र लहान ड्रायर आहे. युपीएस लावला. गेल्या अठरा दिवसांत पाऊचच्या प्रिंटरने एकदाच गटर फॉल्ट दाखवला आणि तो ऑपरेटरनेच वीस मिनिटांत दूर केला. सही केलेल्या पट्ट्यांची वहीही सुरू केली आहे.

एक गोष्ट अद्याप सुटलेली नाही. चहाच्या वेळी जेट बंद करणे थांबवल्यावर पाऊचच्या लाईनवरचा मेकअपचा खप स्पष्टपणे उतरला. बरण्यांच्या लाईनवर तो जसाच्या तसा आहे, व्हिस्कॉसिटी नेमक्या आकड्यावर आहे, कुठे गळती दिसत नाही आणि फॉल्टही येत नाही.

जुना सर्व्हिसवाला, मिरज

फॉल्ट नाही, गळती नाही आणि व्हिस्कॉसिटी बरोबर आहे, तर मेकअप वाफ होऊनच जात आहे. दोन ठिकाणे पाहा. पहिले, गटरची ओढ गरजेपेक्षा जास्त ठेवली आहे का. दोन्ही मशीन एकाच बनावटीची असल्याने दोन्हींच्या सेटिंगचा आकडा शेजारी ठेवून ताडून पाहता येईल. फरक असेल तर ओढ थोडी थोडी कमी करावी, आणि प्रत्येक वेळी जेट गटरमध्ये नीट पडतो आहे आणि तोंडाशी शाई साचत नाही, हे पाहूनच पुढे जावे. हे काम इंजिनिअर हजर असताना केलेले बरे. दुसरे, बरण्यांच्या लाईनवरचा प्रिंटर नेमका कुठे उभा आहे ते पाहा. बरणीच्या तोंडावर सील बसवणाऱ्या यंत्राची गरम हवा जर प्रिंटरच्या कपाटावर, म्हणजे शाईची टाकी असलेल्या मुख्य भागावर, येत असेल, तर आतली शाई दिवसभर तापलेली राहते. वहीतला शाईच्या तापमानाचा आकडा दोन्ही मशीनसाठी एकाच वेळेचा काढून इथे लिहा, म्हणजे यातले नेमके काय आहे ते सांगता येईल.

कुपवाडकर

पाऊचच्या लाईनवर ३८ अंश आणि बरण्यांच्या लाईनवर ४४, दोन्ही आज दुपारी तीन वाजताचे. सील लावणारे यंत्र प्रिंटरच्या कपाटापासून हातभर अंतरावर आहे आणि त्याचा पंखा कपाटाच्या मागच्या जाळीकडेच तोंड करून आहे. उद्या सातच्या थांब्यात कपाट कन्व्हेयरच्या दुसऱ्या बाजूला हलवतो. हेडची नळी तेवढी लांब आहे की नाही, ते आत्ताच मोजून आलो, पुरते आहे.